थंडीत एसी लावायचा तो काचेसाठी: गाडीतली वाफ घालवण्याची सविस्तर कृती

संक्रांत नुकतीच झाली होती. आग्र्याला लग्न होतं, म्हणून पहाटे साडेपाचला आम्ही पाच जण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघालो. गाडी मी चालवत होते. पडाव, गोले का मंदिर, पुरानी छावनी इथपर्यंत ठीक होतं. बानमोरच्या आसपास बाहेर धुकं दाटलं आणि आत समोरची काच बघता बघता दुधासारखी झाली. आमचे हे नॅपकिन घेऊन पुसायला लागले. पुसलेली जागा चार श्वासांत पुन्हा पांढरी. मी गाडी ढाब्याशी बाजूला घेतली आणि एसीचं बटण दाबलं. मागून आत्याबाई ओरडल्या, "अगं, जानेवारीत एसी? गारठून मारतेस की काय आम्हाला?"

दीड-दोन मिनिटांत काच खालच्या कडेपासून वर साफ होत गेली. कोणी गारठलं नाही, कारण हीटरही चालू होता. नंतर लक्षात आलं की मुळात चूक माझीच. मे महिन्यात ऊन-धूळ आत येऊ नये म्हणून आतलीच हवा फिरवण्याकडे सरकवलेला खटका मी जानेवारीपर्यंत तसाच ठेवला होता. ग्वाल्हेरच्या निम्म्या गाड्यांत तो असाच विसरलेला असावा, असा माझा अंदाज आहे.

आधी बोट लावून बघा

वाफ काचेच्या आतून आहे की बाहेरून, हे ओळखल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नका. आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर पाणी आत आहे. नाही उमटली तर एकदा वायपर फिरवा. काच साफ झाली तर पाणी बाहेर आहे. दोन्हींचे उपाय जवळजवळ उलटे आहेत. हिवाळ्यात आपल्याकडे बहुधा आतून धरते, श्रावण-भाद्रपदात बाहेरून.

दोन्ही प्रकार स्वयंपाकघरात रोज दिसतात. गरम पोळ्या डब्यात भरून झाकण लावलं की झाकणाला आतून घाम फुटतो. ही जानेवारीतली काच. आणि पावसाळ्यात गार पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला की तो बाहेरून ओला होतो. ही ऑगस्टमधली काच.

एवढं पाणी येतं कुठून

आपल्यातून. स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाच माणसं म्हणजे तासाला २०० ग्रॅमच्या वर, म्हणजे भरलेला पेला. आता गाडीच्या आतली जागा बघा: लहान गाडीत सुमारे ३ घनमीटर. २० अंशांची हवा एका घनमीटरमागे जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे सगळ्या गाडीतली हवा मिळून ५० ग्रॅम. काचा बंद आणि हवा तीच ती फिरणारी असेल, तर पाच माणसं पाव तासात ती काठोकाठ भरतात. आम्हाला बानमोरला पोचायला त्याहून जास्तच वेळ लागला होता, हे मी नंतर ताडून पाहिलं.

काचेवर तर त्याआधीच धरतं. बाहेर ८ अंश असतील तर काचेचा आतला पृष्ठभागही त्याच्या आसपासच असतो. ८ अंशांच्या हवेला घनमीटरमागे ८ ग्रॅमच्या थोडीच वर वाफ पेलते. आतली हवा काचेला टेकली की गार होते आणि न पेलणारं पाणी तिथेच सोडते.

याच आकड्यांतून एक गंमत निघते. बाहेर गडद धुकं आहे, हवा ओलीचिंब आहे, मग ती आत कशाला घ्यायची, असं कुणालाही वाटेल. पण ८ अंशांची ती ओलीचिंब हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, की तिच्यात ८ ग्रॅम वाफ असते आणि जागा असते १७ ग्रॅमची. सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्याही खाली! धुक्यातले तरंगते थेंब धरले तरी हिशेब फारसा बदलत नाही. म्हणजे बाहेरचं धुकं आतल्या काचेचा शत्रू नाही. शत्रू आपण पाच जण.

डॅशबोर्डच्या आत काय चालतं

हवेचा रस्ता असा: बाहेरून येणारी हवा समोरच्या काचेच्या खालच्या जाळीतून शिरते, केबिन फिल्टर आणि ब्लोअरमधून (म्हणजे आतल्या पंख्यातून) पुढे जाते, मग कूलिंग कॉइलवरून, मग हीटर कॉइलवरून किंवा तिला वळसा घालून, आणि शेवटी झडपा ठरवतील तिकडे: तोंडावर, पायांवर किंवा काचेवर. (फिल्टर ब्लोअरच्या आधी की नंतर, हे गाडीगणिक बदलतं.) डिफ्रॉस्टर नावाचं वेगळं यंत्र समोरच्या काचेसाठी नसतंच. ती फक्त एक दिशा आहे. काम करतात त्या दोन कॉइली.

कूलिंग कॉइलमध्ये गॅस असतो. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए, अलीकडच्या काहींत आर-१२३४वायएफ. कंप्रेसर तो दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाऊन तो द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून एकदम मोकळा होतो आणि कॉइलमध्ये उकळताना हवेतली उष्णता ओढून घेतो. कॉइल इतकी गार होते की हवेतली वाफ तिच्या पत्र्यांवर पाणी होऊन साचते आणि नळीवाटे गाडीखाली टपकते. उन्हाळ्यात एसी लावून उभ्या केलेल्या गाडीखाली दिसतं ते हेच पाणी.

हीटर कॉइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, फिरतो. इंजिन तापलं की तो साधारण ९० अंशांचा असतो. हवा आधी गार होऊन कोरडी होते, मग त्याच वाटेवर पुढे तापते. गार कॉइलनं पाणी काढून घेतलं, गरम कॉइलनं आणखी पाणी पेलण्याची जागा करून दिली. अशी हवा काचेवर गेली की ओल्या टॉवेलवर कोरडा टॉवेल दाबावा तशी ती पाणी उचलते.

एसीच्या बटणावर बर्फाच्या फुलाचं चित्र काढून कंपन्यांनी आपला गैरसमज पक्का केला आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हे तंत्र आखलं, ते कामगारांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगांची छपाई एकमेकांवर नीट बसायची नाही. म्हणून हवेतली ओल काबूत आणायची होती. आत्याबाईंना मी हे आग्र्यापर्यंत समजावून सांगितलं. त्यांनी शाल काढली नाही, पण ऐकून घेतलं.

पहाटेची कृती

१. निघण्याआधी बाहेरून काच पुसा. रात्रभराचं दव काचेवर, आरशांवर आणि त्या खालच्या जाळीवर असतं. जाळीत कडुनिंबाची पानं अडकली असतील तर उचलून टाका, नाहीतर हवाच आत येणार नाही. काचेवर दव गोठून बर्फ धरला असेल तर गरम पाणी ओतू नका. काच तडकू शकते. साधं पाणी आणि फडकं पुरतं.

२. इंजिन सुरू केल्यावर सर्वांत आधी हवेचा खटका बघा. गाडीच्या आत गोल फिरणारा बाण म्हणजे आतलीच हवा. तो बंद असला पाहिजे. बाहेरून आत येणारा बाण चालू पाहिजे.

३. दिशा समोरच्या काचेकडे करा. चित्रात वरच्या कडेला गोलाई असलेली, पंख्यासारखी आकृती आणि तीन नागमोडी बाण असतात. चौकोनात तेच बाण असतील तर ती मागची काच. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत हे पुढच्या काचेचं एक बटण दाबलं की ब्लोअर, एसी, बाहेरची हवा हे सगळं बहुधा आपोआप जुळतं. साध्या खटक्याच्या काही गाड्यांतही दिशा काचेकडे केल्याबरोबर कंप्रेसर चालू होतो, एसीचा दिवा न लागताही. इंजिनाचा आवाज किंचित बदललेला ऐकू आला तर समजा.

४. एसी चालू करा, तापमानाचा खटका लाल बाजूला न्या. सुरुवातीला हवा गारच येईल, कारण कूलंट तापलेला नसतो. तोवर ब्लोअर मध्यम ठेवा. गाडी उभी करून इंजिन तापवत बसायची गरज नाही. पण काच साफ होईपर्यंत निघूही नका.

५. घाई असेल तर पुढच्या दोन्ही खिडक्या बोटभर उघडा. गार वाटेल, पण आतली ओली हवा बाहेर पडायला याहून जलद मार्ग नाही. हीटर नसलेल्या जुन्या गाडीत तर हाच मुख्य उपाय, जोडीला एसी कमी गारव्यावर.

६. तीन-चार किलोमीटरनंतर हवा कोमट यायला लागली की ब्लोअर वाढवा. काच स्वच्छ झाली की दिशा काच आणि पाय अशी दोन्हींकडे करा. आपल्या थंडीत लांबच्या प्रवासाला मला हीच सर्वांत सुखाची वाटते.

इथे एक खरी गोष्ट सांगायला हवी, कारण एसीचा महिमा ऐकून काही जण निराश होतात. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तिचं तापमान शून्याच्या जवळ आलं की सेन्सर कंप्रेसर थांबवतो. त्यामुळे ४-५ अंशांच्या पहाटे एसी फारसा चालतच नाही, दिवा लागलेला असला तरी. त्या वेळी काम करते बाहेरची हवा आणि हीटर. एसीचा खरा उपयोग १२ ते २० अंशांत आणि पावसात. १५ अंशांची, नव्वद टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तिच्यातलं जवळजवळ निम्मं पाणी कॉइल काढून घेऊ शकते. म्हणून थंडीतही तिन्ही एकत्र लावायची सवय ठेवा. कंप्रेसर गरज नसेल तेव्हा स्वतःच थांबतो, आपण हिशेब करत बसायला नको. शिवाय हिवाळ्यात आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालला की गॅसबरोबर फिरणारं तेल कंप्रेसरच्या सीलपर्यंत पोचतं. चार महिने बंद ठेवलेला एसी एप्रिलमध्ये गार करत नाही, त्याचं एक कारण तिथे असतं.

साफ झाली म्हणून लगेच बंद करू नका

ही चूक मी बरीच वर्षं करत होते. काच स्वच्छ दिसली की पेट्रोल वाचवायला एसी बंद. आणि मिनिटभरात काच आधीपेक्षा जास्त पांढरी! कारण कॉइलच्या पत्र्यांमध्ये अजून पाणी अडकलेलं असतं. एसी बंद झाला की कॉइल गार राहत नाही, पण ब्लोअर तीवरून हवा ढकलतच राहतो. तेच पाणी वाफ होऊन थेट काचेवर जातं. चंबळच्या पुलावर धुक्यात हा प्रयोग करू नये.

बंद करायचाच असेल तर आधी हवेची दिशा काचेवरून पायांकडे वळवा, मग एसी बंद करा. घर जवळ आलं असताना शेवटची दोन-तीन मिनिटं असंच चालवलं तर कॉइल वाळते आणि तो कुबट वास धरत नाही.

श्रावणात सगळं उलटं

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २५ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर दव जमतं. एसीची १० अंशांची हवा काचेच्या खालच्या कडेला लागत असेल तर ती कड बाहेरून तांब्यासारखी ओली होते. आता डिफ्रॉस्टरकडे गार हवा वळवली तर वाफ वाढेल. अनेक जण घाबरून नेमकं तेच करतात.

वायपर फिरवा. हवा काचेवरून काढून तोंडावर किंवा पायांवर घ्या. तापमान २४-२५ पर्यंत वाढवा. डॅशबोर्डच्या मधल्या जाळ्या काचेकडे तोंड करून असतील तर खाली वळवा. एवढ्यानं भागतं.

पावसात भिजलेली माणसं गाडीत बसली आणि वाफ आतून धरली, तर मात्र एसी हवाच. या दिवसांत आतली हवा फिरवणारा खटकाही चालतो, कारण बाहेरच्या दमट हवेत घनमीटरमागे २३ ग्रॅम पाणी असतं आणि आतली हवा कॉइलवरून पुन्हा पुन्हा फिरून तिच्याहून कोरडी होते. अट एकच, कंप्रेसर चालू पाहिजे. ओली छत्री डिकीत टाका, पायाशी नको.

मागच्या काचेचं तंत्र साधं आहे. काचेवरच्या तांबूस रेघा म्हणजे विजेच्या तारा. बटण दाबलं की त्या तापतात. विजेचा खप बराच, म्हणून बहुतेक गाड्यांत दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतं. त्या रेघांवर नखानं किंवा ब्लेडनं खरवडू नका, स्टिकर काढताना विशेष जपा. फडकं रेघांच्या दिशेनं, आडवं फिरवा. एखादीच रेघ साफ होत नसेल तर ती कुठेतरी तुटली आहे; तेवढ्या जागेवर लावायचा वाहक रंग मिळतो.

विजेच्या गाड्यांत इंजिनाचा कूलंट नसतो, त्यामुळे हीटर बॅटरीवर चालतो आणि एका चार्जमध्ये पडणारं अंतर कमी होतं. तिथे गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच आतून तापवून ठेवणं शहाणपणाचं.

इतकं करूनही धरतेच?

सुरुवात काचेपासून करा. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक तापून त्यातून एक तेलकट थर काचेच्या आतल्या बाजूवर बसत जातो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तर तो भरपूर बसतो. त्या थरावर वाफ लवकर धरते आणि समोरच्या ट्रकच्या दिव्यांचा उजेड काचभर पसरतो. डॅशबोर्ड चकचकीत करणारं पॉलिश यात भर घालतं. मी ते बंदच केलं आहे. काच आतून क्लीनर आणि मायक्रोफायबर फडक्यानं पुसा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं. धुक्यात हातानं किंवा पदरानं पुसलेली काच ठशांसकट रात्री छळते.

मग केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हातानंच निघतो. आपल्या धुळीत पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या आधीच तो गच्च होतो. ब्लोअरचा आवाज मोठा, हवा कमी, असं असेल तर आधी इथेच बघा.

पुढच्या डाव्या सीटपुढचा, पायाखालचा गालिचा दाबून बघा. ओलसर लागला तर कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी चिखलानं किंवा पानांनी तुंबली असेल. गाडीखालून तिचं टोक सापडतं, मेकॅनिकचं काम पाच मिनिटांचं. पण ती ओल राहिली तर रोज रात्री गाडी स्वतःच वाफ तयार करत राहील, एकही माणूस न बसता. नळी साफ केल्यावर पायपुसणी काढून, गालिचा उचलून उन्हात दोन दिवस दारं उघडी ठेवा. वरवर कोरडा लागला तरी खालचा फोम पाणी धरून असतो.

पायाशी ओल, पण ती चिकट, आणि हवेला गोडसर वास. काचेवर पुसलं तरी जात नाही असा चरबट पडदा: ही हीटर कॉइल गळत असल्याची खूण. कूलंटची पातळी उतरलेली दिसेल. इंजिन गार असतानाच बाटली बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. कूलंटच्या जागी बरीच वर्षं साधं पाणी भरलेलं असेल तर कॉइल आतून गंजते. ती बदलायला बऱ्याच गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून कूलंटमध्ये काटकसर नको.

पाच-सात किलोमीटर जाऊनही गरम हवा येत नसेल तर तीन शक्यता: कूलंट कमी, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकलेला, किंवा तापमानाची झडप हलवणारी केबल सुटलेली. तिसरी सर्वांत स्वस्त, म्हणून ती आधी तपासायला सांगा.

आणि गॅस. मी एकदा हिवाळ्यात गाडी घेऊन गेले तर मिस्त्री हसून म्हणाला, "मॅडम, ठंड में एसी कौन चलाता है?" आणि मग न तपासता, "गैस कम है, भरवा लो." गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच फिरत असतो. लक्षात येण्याइतका कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधायला सांगा, मग व्हॅक्यूम (नळ्यांतली हवा ओढून काढणं) आणि मग वजन करून भरणं. किती ग्रॅम हवा, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्याचा फोटो फोनमध्ये काढून नेलात की बोलणं लवकर आटोपतं.